पोरगा पुण्यात, कॉम्प्युटर गावात : दूर बसून दुरुस्ती कशी होते आणि कोड कुणाला द्यायचा?

प्रिंटर चालेना, मराठी टायपिंग बंद पडलं, सातबारा डाउनलोड केला पण फाईल सापडेना. मग शहरातल्या पोराला किंवा भाच्याला फोन लागतो आणि अर्धा तास नुसतं 'आता कुठं दाबू?' चालतं. त्यापेक्षा त्याला आपली स्क्रीनच दाखवलेली बरी.

विंडोज १० आणि ११ साठी 'क्विक असिस्ट' हा मायक्रोसॉफ्टचा फुकट प्रोग्राम आहे. कंट्रोल, विंडोज आणि क्यू ही बटणं एकदम दाबली की उघडतो; नसेल तर मायक्रोसॉफ्ट स्टोअरमधून घ्यावा. मायक्रोसॉफ्टचं खातं मदत करणाऱ्याकडे लागतं, आपल्याकडे नसलं तरी चालतं. तो सहा अक्षरी कोड सांगतो, आपण तो टाकून परवानगी द्यायची. आधी त्याला फक्त स्क्रीन दिसते. माउस त्याच्या हातात द्यायचा तर पुन्हा वेगळी परवानगी विचारली जाते.

एनीडेस्कमध्ये उलटं असतं. आपल्या स्क्रीनवरचा नंबर आपण त्याला सांगायचा, त्याची विनंती आली की 'ॲक्सेप्ट' दाबायचं. म्हणजे दार उघडणारा हात आपलाच असतो.

आणि चोर नेमका तोच हात धरतात. फेब्रुवारी २०१९ मध्ये रिझर्व्ह बँकेने याच ॲपच्या नावाने बँकांना सावध केलं होतं. ॲप वाईट नाही, पण 'केवायसी संपली', 'आज रात्री लाईट कापणार' असं सांगून भामटे ते मोबाईलमध्ये टाकायला लावतात. मग म्हणतात, फक्त १० रुपये भरून बघा. आपण भरतो तेव्हा स्क्रीनवर काय चाललंय, ओटीपी कोणता आला, हे त्यांना तिकडे दिसत असतं.

म्हणून बघायचं एवढंच, की फोन कुणी केला. आपण होऊन, घरच्या माणसाच्या नेहमीच्या नंबरवर केला असेल तर हरकत नाही. समोरून फोन आला आणि ॲप टाका म्हणाला, तर तो बँकेचं नाव सांगो नाहीतर महावितरणचं, फोन कट करा. व्हॉट्सॲपवर व्हिडिओ कॉल करून स्क्रीन दाखवा म्हणाला तरी तेच.

घरचाच माणूस असला तरी बँकेचं पान आधी बंद करावं. 'कायमचा पासवर्ड लावून ठेवू, पुन्हा विचारायला नको' असं तो म्हणेल, तर नको म्हणा. काम झालं की जोडणी तोडून प्रोग्राम बंद करा.

चुकून अनोळखी माणसाला आत घेतलंच, तर आधी डेटा आणि वायफाय बंद करा. दुसऱ्या फोनवरून लगेच बँकेला आणि १९३० या सायबर हेल्पलाईनला कळवा. मग ते ॲप काढून टाका आणि यूपीआय पिन, पासवर्ड बदला. पैसे पुढच्या खात्यात सरकायच्या आत तक्रार गेली तर ते गोठवता येण्याची शक्यता जास्त, त्यामुळे घरात कोण काय म्हणेल म्हणून सकाळपर्यंत थांबू नका.