निकालाची नक्कल

भिवंडीच्या आमच्या बचत गटात कोर्टाचा विषय निघाला की बायका विचारतात, "ते कागद आपल्याला कोण दाखवणार?" म्हणून आज ही हकिकत सांगतो.

१९७२ साली देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात बलात्कार झाल्याची तक्रार एका आदिवासी मुलीने केली. १९७४ मध्ये सत्र न्यायालयाने दोघा पोलिसांना सोडलं. अपिलात नागपूर खंडपीठाने शिक्षा दिली. १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा सोडलं. अंगावर जखमा नाहीत, हे एक कारण दिलं.

हा निकाल छापलेला होता. तो वाचूनच उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, वसुधा धागमवार, रघुनाथ केळकर यांनी १९७९ मध्ये सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं. बायका रस्त्यावर आल्या. १९८३ मध्ये कायदा बदलला. पोलिसावर असा आरोप असेल, संबंध सिद्ध झाला असेल आणि बाई 'माझी संमती नव्हती' म्हणाली, तर कोर्टाने तेच धरून चालायचं. सुनावणी बंद दाराआड करायची, बाईचं नाव छापायचं नाही.

नाव झाकायचं ते बाईच्या अब्रूसाठी. निकाल झाकला असता, तर चूक कुणाला दिसलीच नसती.

तुरुंगवासाची शिक्षा झालेल्याला निकालाची प्रत फुकट मिळते. पीडित बाईलाही अर्ज करून, फी भरून नक्कल घेता येते. ती लवकर घ्या, जाणत्याकडून वाचून घ्या. अपिलाची मुदत आपल्यासाठी थांबत नाही.