तीनशे पंधराचं घराणं

बीदरहून औरादच्या रस्त्याला लागलं की जनवाडा येतं. मांजरा नदीच्या अंगाचा हा मुलूख. शेतात तूर, सोयाबीन, ऊस. उसात दडलेली रानडुकरं आणि मोकळ्या माळावर काळविटांचे कळप. पिकाची राखण हा इथला जुना प्रश्न, आणि राखणीच्या निमित्तानं बंदुकीच्या परवान्याचा विषयही अधूनमधून निघतोच. बारा बोअर, ठासणीची बंदूक या जुन्या ओळखीच्या. पण कुणाला रायफलच हवी असेल, तीही बोल्टची आणि सरकारी कारखान्यात बनलेली, तर निवड मुख्यतः दोघींत असते: ३१५ आणि थर्टी-ओ-सिक्स.

या दोघींत बरी कोणती, यावर बंदुकवाल्यांत रात्रभर वाद चालू शकतो. खरा मामला मात्र एका तिसरीचा आहे, आणि ती परवान्याच्या दुकानात मिळत नाही. ती म्हणजे ३०३. पोलीस चौकीत, राखीव दलाच्या पहाऱ्यावर, शाळेतल्या एनसीसीच्या कवायतीत जी पिढ्यान्‌पिढ्या दिसली ती. ३१५ ही तिची सख्खी बहीण. बोल्ट तोच, खटका तोच, अंगकाठी तीच. फरक नळीच्या पोटात आहे, आणि तो फरक शिकाऱ्यानं मागितलेला नव्हता. तो घातला सरकारनं, कारण सरकारला रयतेची भीती वाटत होती.

बोल्टची कल्पना सैन्यातली, प्रशियाची. योहान निकोलाउस फॉन ड्रायझं यानं दाराच्या अडसरासारखा मागेपुढे सरकून फिरणारा बोल्ट बंदुकीला बसवला, आणि १८४१ साली प्रशियानं ती बंदूक स्वीकारली. तोवर नळीच्या तोंडातून दारू नि गोळी ठासायची म्हणजे शिपायाला उभं राहावं लागे. आता जमिनीवर आडवं पडून मागच्या बाजूनं काडतूस भरता येऊ लागलं. पुढं जर्मनीतल्या ओबर्नडॉर्फ गावच्या माउझर बंधूंनी ही रचना पक्की केली आणि १८९८ च्या नमुन्यात कळसाला नेली. त्या नमुन्यात बोल्टच्या पुढच्या टोकाला दोन दणकट खुंट्या असतात. त्या थेट नळीच्या मुळाशी अडकतात, त्यामुळे बार झाल्यावरचा सगळा दाब तिथंच पेलला जातो.

इंग्रजांचा रस्ता निराळा. स्कॉटलंडात १८३१ मध्ये जन्मलेला आणि कॅनडात वाढलेला जेम्स पॅरिस ली हा मूळचा घड्याळजी. घड्याळजीला शोभेल अशीच त्याची युक्ती होती. त्यानं खुंट्या बोल्टच्या मागच्या बाजूला ठेवल्या, म्हणून बोल्ट कमी अंतर सरकतो आणि दांडी साठेक अंशांतच उचलली जाते. माउझरची दांडी काटकोनात उचलावी लागते. शिवाय घोडा चढतो तो बोल्ट पुढे ढकलताना, मागे ओढताना नाही. हाताला हे फार सोपं जातं. ब्रिटिश शिपायाकडून एका मिनिटात ३०० यार्डांवर नेम धरून १५ बारांची अपेक्षा असायची, ती या रचनेच्या जिवावर. पेटीत १० काडतुसं. १८८८ मध्ये ली-मेटफर्ड आणि १८९५ मध्ये ली-एन्फील्ड सैन्यात आली, आणि ३०३ हा आकडा हिंदुस्थानात घरोघर माहीत झाला.

माउझर की ली, याचा पहिला मोठा निकाल दक्षिण आफ्रिकेत लागला. १८९९ ते १९०२ च्या बोअर युद्धात शेतकरी बोअरांच्या हाती ७ मिलिमीटरच्या माउझर होत्या, आणि लांब पल्ल्यावर त्यांनी इंग्रजांना पाणी पाजलं. अमेरिकेलाही १८९८ मध्ये क्यूबात स्पॅनिश फौजेच्या माउझरांनी हाच धडा दिला होता. अमेरिकनांनी १९०३ ची आपली स्प्रिंगफील्ड रायफल माउझरवरून इतकी उघड उचलली की त्यांना माउझर कंपनीला पैसे मोजावे लागले. त्या रायफलीसाठी १९०६ मध्ये सुधारलेलं काडतूस म्हणजेच थर्टी-ओ-सिक्स: नळी ०.३० इंच, साल ०६. म्हणजे आज परवानेवाल्यापुढं येणाऱ्या दोघींपैकी एकीचं काडतूस माउझरच्या कुळातलं आणि दुसरीचा बोल्ट लीच्या कुळातला.

आता ३१५ चं काडतूस. इथं गोष्ट वाकडी वळते.

१८५७ नंतर हिंदी माणसाच्या हातातलं हत्यार ही इंग्रजांची झोप उडवणारी गोष्ट झाली. लॉर्ड लिटनच्या काळात, १८७८ मध्ये, शस्त्रांचा कायदा आला. हिंदी माणसाला परवाना सक्तीचा, गोऱ्याला सूट. काँग्रेसच्या सुरुवातीच्या अधिवेशनांतच त्याविरुद्ध ठराव होऊ लागले होते. वायव्य सरहद्दीवर सैन्याच्या रायफली आणि काडतुसं चोरीला जात, आदमखेल पठाण दऱ्यात बसून त्यांच्या हुबेहूब नकला करत. मग नियम झाला की सैन्याचं काडतूस ज्या बंदुकीत चालेल ती खाजगी माणसाकडे नको. ४५० बोअरच्या शिकारी बंदुकाही याच भीतीपायी गेल्या, कारण सैन्याच्या जुन्या मार्टिनी-हेन्री रायफलीच्या गोळीचा व्यास तोच. लंडनच्या बंदुकवाल्यांना हिंदुस्थानातलं गिऱ्हाईक सोडवेना. त्यांनी ४६५, ४७० अशी नवी मापं काढली आणि वाघ-गव्यांच्या शिकारीचा धंदा चालू ठेवला.

३०३ वापरणाऱ्यांपुढंही तोच पेच. बंदूक उत्तम, हाताला सवयीची, फक्त काडतूस बेकायदा. तोड सापडली ऑस्ट्रियात. फर्डिनांड फॉन मानलिखर हा तिथला रेल्वे इंजिनिअर, ऑस्ट्रो-हंगेरियन फौजेच्या रायफली त्याच्या डोक्यातून निघालेल्या. त्या रायफलींचं काडतूस ८ मिलिमीटरचं, बुडाला कडा असलेलं, ५० मिलिमीटर लांब नळकांड्याचं. इंचात मोजलं तर ८ मिलिमीटर म्हणजे ०.३१५. बर्मिंगहॅमच्या बीएसए कंपनीनं लीच्याच बोल्टवर या काडतुसाची नळी बसवून हिंदुस्थानच्या बाजारात आणली. ३०३ चं नळकांडं ५६ मिलिमीटर लांब आणि अंगानं बारीक. ते ३१५ च्या काडतूस बसायच्या खोलीत पूर्ण शिरतच नाही. ३१५ चं अंगानं जाड, ते ३०३ मध्ये बसत नाही. कायद्याला हवं तेवढंच वेगळेपण साधलं, बाकी बंदूक जुनीच.

एका परक्या सम्राटाच्या फौजेचं काडतूस इंग्रजांना चाललं, स्वतःच्या फौजेचं मात्र स्वतःच्या रयतेच्या हाती चाललं नाही! जेम्स ली आणि मानलिखर दोघेही १९०४ च्या सुरुवातीला, महिन्याभराच्या अंतरानं वारले. त्याच साली कलकत्त्याजवळच्या ईशापूरला, बंदुकीच्या दारूच्या जुन्या कारखान्याच्या जागी, रायफलींचा कारखाना उभा राहिला. या दोघांच्या अकलेचा संगम पुढं त्याच कारखान्यात होणार होता.

हे सगळं चाललं होतं ब्रिटिश हिंदुस्थानात. बीदर आणि गुलबर्गा तेव्हा निजामाच्या राज्यात. दारूगोळा या मातीला नवा नव्हता. बहमनींचा वजीर महमूद गवान यानं १४७२ च्या सुमारास बेळगावच्या वेढ्यात तटाखाली सुरुंग लावल्याचं इतिहासकार फरिश्ता सांगतो, आणि त्याच गवाननं बीदरला बांधलेल्या मदरशाचा मोठा भाग १६९६ मध्ये, औरंगजेबाच्या अमलात, दारूच्या स्फोटात उडाला असं मानलं जातं. निजामी काळात बंदूक मिरवायची ती शिकारीत. १९०२ मध्ये लॉर्ड कर्झन वरंगळकडच्या नेकोंड्याला निजामाचा पाहुणा म्हणून शिकारीला आला, आणि वाघाशेजारी उभ्या असलेल्या कर्झन पती-पत्नीचं छायाचित्र लाला दीनदयाळ यांच्या नावावर प्रसिद्ध आहे. साध्या कुणब्याच्या घरी मात्र ठासणीचीच.

१९४८ च्या पावसाळ्यात बीदरच्या धावपट्टीवर निराळाच माल उतरत होता. सिडनी कॉटन हा ऑस्ट्रेलियन वैमानिक कराचीहून लँकास्ट्रियन विमानांतून निजामासाठी चोरून हत्यारं आणत होता, आणि त्याच्या उतरण्याच्या ठिकाणांत बीदर होतं. १३ सप्टेंबरला भारतीय फौजा सोलापूरकडून नळदुर्गच्या वाटेनं आत शिरल्या आणि पाच दिवसांत हैदराबादचा प्रश्न संपला. त्या फौजेच्या जवानांच्या खांद्यावर होती तीच लीची ३०३.

इंग्रज गेले तरी त्यांची भीती कायद्यात राहिली. १९५९ चा शस्त्र कायदा १ ऑक्टोबर १९६२ पासून लागू झाला. त्याच्या नियमांतल्या पहिल्या परिशिष्टात ३०३ किंवा ७.६२ मिलिमीटरच्या बोल्ट रायफली, आणि त्या मापाचं सैन्याचं काडतूस ज्यात बसून उडू शकेल अशी कुठलीही रायफल, वरच्या वर्गात टाकली. बोलीत तिला ‘पीबी’ म्हणतात, म्हणजे निषिद्ध बोअर. तिचा परवाना दिल्लीचं गृहखातं देतं. जिल्हाधिकाऱ्याच्या हातात उरतात त्या ‘एनपीबी’, म्हणजे निषिद्ध नसलेल्या. ३१५ त्यात बसते. थर्टी-ओ-सिक्सची गंमत अशी की तिची गोळी ७.६२ च्याच जाडीची, पण नळकांडं ६३ मिलिमीटर लांब आणि सैन्याचं ५१. सैन्याचं काडतूस तिच्या खोलीत सैल पडतं, नीट टेकत नाही. म्हणून तीही सुटली. पुन्हा तेच: बारा मिलिमीटर पितळेवर कायदा उभा.

स्वातंत्र्यानंतर ईशापूरनं ३१५ परवानेवाल्यांसाठी करायला घेतली आणि ती आजही होते. काडतुसं पुण्याजवळच्या खडकीच्या कारखान्यातली. बूड उलटून पाहिलं तर ‘केएफ’ ही इंग्रजी अक्षरं दिसतात: किर्की फॅक्टरी. बीएसएनं सुरू केलेली जोडणी अशी बंगाल आणि महाराष्ट्राच्या वाट्याला आली. २०२१ च्या ऑक्टोबरात आयुधनिर्माणी मंडळ मोडून कंपन्या झाल्या, तेव्हा रायफलीचा कारखाना एका कंपनीत गेला आणि काडतुसांचा दुसरीत.

मग घ्यावी कोणती? आकडे थर्टी-ओ-सिक्सच्या बाजूनं आहेत. तिची १८० ग्रेनची, म्हणजे सुमारे पावणेबारा ग्रॅमची टोकदार गोळी सेकंदाला ८०० मीटरच्या पुढं जाते. ३१५ ची बोथट गोळी २४४ ग्रेन, जवळपास १६ ग्रॅम, आणि वेग सहाशेच्या आसपास. लांब पल्ल्यावर थर्टी-ओ-सिक्स सरळ जाते, ३१५ लवकर खाली झुकते. जोरही थर्टी-ओ-सिक्सचा तिसऱ्या हिश्शानं जास्त. अमेरिकेतल्या डोंगरउतारावर तीनशे मीटरवरचं हरीण मारायचं असेल तर वादच नाही.

मांजरेच्या काठी मात्र हिशेब बदलतो. डुक्कर दिसतं ते उसाच्या बांधावर, विजेरीच्या झोतात, चाळीस-पन्नास पावलांवर. पलीकडे वस्ती, गोठा, रस्ता. इथं गोळी लांब जाणं हा गुण नाही, धोका आहे. खरं तर या कामाला रायफलपेक्षा बारा बोअर बरी, पण रायफलीचा तोरा वेगळा, हे बंदुकवाले खाजगीत कबूल करतील. ३१५ ला एक खोडही आहे. काडतुसाच्या बुडाची कडा. पेटीत भरताना वरच्या काडतुसाची कडा खालच्याच्या पुढं बसवावी लागते. उलटी बसली की कडा कडेत अडकते आणि नेमक्या वेळी बोल्ट पुढे सरकत नाही. थर्टी-ओ-सिक्सच्या काडतुसाला बाहेर आलेली कडाच नाही, त्यामुळे भरताना असा विचार करावा लागत नाही.

माउझरच्या बाजूनं बोलणाऱ्यांचा हुकमी पुरावा जिम कॉर्बेटचा असतो. चंपावतची नरभक्षक वाघीण १९०७ मध्ये मारल्याबद्दल त्याला मिळालेली २७५ रिग्बी ही लंडनचा शिक्का असलेली माउझरच. तिचं काडतूस म्हणजे बोअर युद्धात गाजलेलं तेच ७ मिलिमीटरचं, इंग्रजी नाव घेतलेलं. पण कॉर्बेटचा काळ वेगळा. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर शिकार बंद झाली. काळवीट पहिल्या परिशिष्टात, त्याला हात लावला तर तुरुंग. पीक उद्ध्वस्त करणाऱ्या डुकरालाही वनखात्याच्या लेखी परवानगीशिवाय मारता येत नाही. राहिली राखण, बँकेचा पहारा, आणि दिवाणखान्यातली शान. निवडणूक लागली की हुकमानुसार बंदूक पोलीस ठाण्यात जमा होते ती निकालानंतरच परत येते.

३०३ चा शेवट आपण पाहिला. २६ नोव्हेंबर २००८ ला मुंबईच्या सीएसटी स्थानकात अतिरेक्यांच्या कलाश्निकोव्हसमोर पोलिसांच्या हातात हीच रायफल होती, आणि ती तफावत सगळ्या देशानं पाहिली. उत्तर प्रदेश पोलिसांनी २०२० च्या प्रजासत्ताकदिनी तिला समारंभानं निरोप दिला. पण ३१५ ची दुसरी शाखा त्याच प्रदेशात जोरात आहे. तिथल्या गुन्ह्यांच्या बातम्यांत गावठी कट्टा बहुतेकदा ‘३१५ बोअरचा’ असतो, कारण परवान्याची काडतुसं याच मापाची मिळतात आणि कट्टा करणारा काडतूस बघून नळी पाडतो. सरकारी गोळी रयतेच्या हाती लागू नये म्हणून आणलेलं माप गुन्हेगारांच्या अंगवळणी पडलं.

परवानेवाल्यापुढची निवडही आता बदलली आहे. डिसेंबर २०१९ मध्ये संसदेनं शस्त्र कायदा दुरुस्त केला. एका माणसाकडे तीनऐवजी दोनच हत्यारं. सरकारचा मूळ प्रस्ताव तर एकाच हत्याराचा होता, विरोधामुळे आकडा दोनवर थांबला. वारसाहक्कानं आलेली बंदूकही या मोजणीत धरली जाते. त्यामुळे ज्या घरात आजोबांची बारा बोअर, वडिलांची ३१५ आणि स्वतः हौसेनं घेतलेली थर्टी-ओ-सिक्स एकाच नावावर होती, तिथं प्रश्न घेण्याचा उरला नाही. तीनपैकी कोणती ठाण्यात किंवा दुकानदाराकडे जमा करायची, हे ठरवायला कायद्यानं एक वर्षाची मुदत दिली होती.