रक्तशर्करेतील चढउतार आणि हृदयाच्या सूक्ष्म रक्तवाहिन्या

मधुमेही व्यक्तीच्या रक्तातील साखर दिवसभरात वारंवार व मोठ्या प्रमाणात वरखाली होते, तेव्हा त्या बदलांना रक्तशर्करेतील चढउतार असे म्हणतात. हृदयाच्या स्नायूला रक्त पोहोचवणाऱ्या सूक्ष्म वाहिन्यांचे कार्य त्यामुळे बिघडू शकते, असे मानले जाते. या दोन्ही गोष्टी नेहमीच्या तपासण्यांतून निसटतात. ‘एचबीए१सी’ ही तपासणी मागील दोन-तीन महिन्यांची सरासरी सांगते. एकाची साखर १६०च्या आसपास स्थिर आणि दुसऱ्याची ६० ते २६० मि.ग्रॅ. अशी हेलकावत असली, तरी दोघांचा आकडा सारखा येऊ शकतो. अँजिओग्राफीत मोठ्या धमन्या दिसतात. अर्ध्या मिलिमीटरहून बारीक वाहिन्या दिसत नाहीत. छातीत दुखत असूनही ‘अडथळा नाही’ असा अहवाल येतो, तो खोटा नसतो, अपुरा असतो.

कार्यकारणभाव

निरोगी हृदयातील रक्तप्रवाह श्रमाच्या वेळी तीन ते चार पट वाढू शकतो. वाहिन्यांचा अंतःस्तर नायट्रिक ऑक्साइड निर्माण करतो व त्या रुंदावतात. साखर झपाट्याने चढली की पेशींत ऑक्सिजनचे अतिक्रियाशील रेणू वाढतात आणि नायट्रिक ऑक्साइड निष्प्रभ होतो. साखर एकदम घसरली, तर ॲड्रेनलिन वाढून हृदय जोराने धडधडते. म्हणजे पुरवठा तोकडा असतानाच मागणी वाढते. प्रवाह दुपटीनेही वाढत नसेल, तर सूक्ष्मवाहिन्यांचा विकार असल्याचे समजतात.

संशोधन

स्थिर राहिलेल्या जास्त साखरेपेक्षा हेलकावणारी साखर अंतःस्तराला अधिक अपायकारक ठरते, असे अंतोनियो चेरिएल्लो व सहकाऱ्यांना २००८ मध्ये आढळले. मात्र ती मोजणी हाताच्या धमनीवर होती, हृदयात नव्हे. हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या मधुमेहींवरील ‘हार्ट-टू-डी’ चाचणीत (२००९) जेवणानंतरची साखर आटोक्यात ठेवण्यावर भर देऊनही पुढील हृदयविकार कमी झाले नाहीत. त्यामुळे संबंध दिसतो. कारण सिद्ध झाले, असे म्हणता येत नाही.

महाराष्ट्रातील संदर्भ

पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी भारतीयांची शरीरे सडपातळ दिसूनही चरबीचे प्रमाण जास्त असल्याचे दाखवले. भारतीयांना मधुमेह तुलनेने लहान वयात होतो, म्हणून वाहिन्यांवरील ताणही अधिक वर्षे राहतो. चढउतारांचे घरोघरचे उदाहरण म्हणजे एकादशी. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या नेहमीच्या मात्रेत घेऊन उपाशी राहिल्यास साखर घसरते, आणि नंतर साबुदाण्याच्या खिचडीने ती वेगाने चढते. साबुदाणा जवळजवळ सगळा पिष्टमय असतो. उपवासापूर्वी औषधाची मात्रा डॉक्टरांकडून ठरवून घेणे त्यासाठीच आवश्यक असते.