प्रज्वलन वितरक, मोटारगाडीतील

प्रज्वलन वितरक, मोटारगाडीतील : अनेक सिलिंडरांच्या पेट्रोल एंजिनात उच्च दाबाची विद्युत् ठरलेल्या क्षणी ठरलेल्या सिलिंडरातील ठिणगी-प्लगकडे पोहोचविणारे साधन. मिस्त्रींच्या बोलीत ते डिस्ट्रिब्यूटर या इंग्रजी नावानेच ओळखले जाते. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात त्याचा प्रसार झाला आणि त्या शतकाच्या अखेरीपर्यंत बहुतेक पेट्रोल गाड्यांत ते असे. नावावरून केवळ वाटपाचा बोध होत असला, तरी वितरकाकडे तीन कामे असत : प्राथमिक विद्युत् मंडल तोडून ठिणगी निर्माण करविणे, तिची वेळ एंजिनाच्या वेगाप्रमाणे व भाराप्रमाणे मागेपुढे करणे आणि शेवटी तिचे वाटप करणे. यांपैकी वाटप सर्वांत सोपे. गाडी रस्त्यात बंद पडे, ती बहुधा पहिल्या कामातील दोषामुळे.

झां एत्येन लन्वार यांनी 1860 साली पॅरिस येथे बनविलेल्या वायू-एंजिनात रूमकोर्फ वेटोळ्याच्या ठिणगीने प्रज्वलन होत असे. पण विद्युत् प्रज्वलनाचा मार्ग पुढे सरळ राहिला नाही. डाइमलर यांच्या प्रारंभीच्या एंजिनांत बाहेरून तापविलेल्या नळीने मिश्रण पेटविले जाई. कार्ल बेंट्स यांनी 1886 च्या आपल्या तीनचाकी गाडीत विद्युत् घटमाला व कंप पावणारे वेटोळे वापरले. रोबर्ट बॉश यांच्या श्टुटगार्ट येथील कर्मशाळेत 1887 मध्ये स्थिर एंजिनांसाठी मॅग्नेटो तयार होऊ लागला आणि 1902 मध्ये त्यांचे सहकारी गोटलोप होनोल्ट यांनी उच्च दाबाचा मॅग्नेटो सिद्ध केला. मॅग्नेटोला घटमाला लागत नसे, हा त्या काळी फार मोठा लाभ होता. फोर्ड कंपनीच्या ‘मॉडेल टी’ गाडीत (1908–27) चार सिलिंडरांना चार स्वतंत्र कंपनशील वेटोळी असत आणि कॅमदंडाने फिरणारी एक निवडकळ त्यांना आळीपाळीने प्रवाह देई. म्हणजे वाटप कमी दाबाच्या बाजूला होई. एकच वेटोळे ठेवून उच्च दाबाच्या बाजूला वाटप करणे, ही वितरकामागील मूळ कल्पना होय.

या कल्पनेला व्यापारी यश मिळवून देण्याचे श्रेय मुख्यतः चार्ल्स केटरिंग यांना दिले जाते. रोकड नोंदविणाऱ्या यंत्राला विद्युत् चलित्र जोडण्याचे काम त्यांनी आधी केले होते. अमेरिकेतील डेटन येथे स्थापन झालेल्या त्यांच्या डेल्को संस्थेची घटमालेवरील प्रज्वलन पद्धती 1910 च्या कॅडिलॅक गाड्यांत बसविण्यात आली. तथापि मॅग्नेटोचा पराभव खऱ्या अर्थाने केला तो केटरिंग यांच्याच दुसऱ्या शोधाने. 1912 च्या कॅडिलॅकमध्ये विद्युत् आरंभक आला व त्यासाठी गाडीत घटमाला आणि जनित्र ठेवणे अपरिहार्य झाले. घटमाला गाडीत आहेच, मग वेगळ्या मॅग्नेटोचा खर्च कशासाठी, असा हा सरळ हिशेब होता. 1927 च्या अखेरीस आलेल्या फोर्डच्या ‘मॉडेल ए’ गाडीत चार वेटोळी जाऊन एक वेटोळे व वितरक आला. मॅग्नेटोवर नाव कमावलेल्या बॉश कंपनीलाही 1925 पासून घटमालेवरील प्रज्वलन सामग्री विकावी लागली.

कार्य : वितरकाचा दंड भुजादंडाच्या निम्म्या वेगाने फिरतो. त्यावरील कॅमला सिलिंडरांच्या संख्येइतकी टोके असतात व प्रत्येक टोक खंडकाचे स्पर्शक, म्हणजे मिस्त्रींचे ‘पॉइंट’, क्षणभर उघडते. स्पर्शक मिटलेले असताना वेटोळ्याच्या प्राथमिक गुंडाळीतून प्रवाह वाहून चुंबकीय क्षेत्र तयार होते. ते उघडताच हे क्षेत्र कोसळते आणि दुय्यम गुंडाळीत काही हजार व्होल्टांचा, प्रसंगी वीस हजारांहूनही अधिक, दाब निर्माण होतो. हा दाब वितरकाच्या टोपणातील मध्यवर्ती कार्बन कांडीतून फिरत्या रोटरकडे व तेथून ज्याची पाळी असेल त्या प्लगकडे जातो. स्पर्शकांना समांतर जोडलेले धारित्र (कंडेन्सर) नसेल, तर उघडणाऱ्या स्पर्शकांतच ठिणगी पडते, क्षेत्र सावकाश कोसळते आणि प्लगच्या वाट्याला फारसे काही उरत नाही. चार सिलिंडरांचे एंजिन मिनिटाला 3,000 फेरे करीत असता सेकंदाला शंभर वेळा ही उघडझाप होते. काडेपेटीएवढ्या जागेतील या हालचालीवर साऱ्या गाडीची चाल अवलंबून असे.

ज्वाला पसरण्यास वेळ लागतो. म्हणून वेग वाढला की ठिणगी अधिक लवकर पडावी लागते. आरंभी हे काम चालक सुकाणूजवळील लहान दांड्याने हातानेच करीत. पुढे ते वितरकातील स्प्रिंगांनी आवरलेल्या केंद्रोत्सारी वजनांकडे आणि कार्ब्युरेटरमधील निर्वातावर चालणाऱ्या पटलाकडे सोपविण्यात आले.

दोष व दुरुस्ती : वितरकाची झीज हा अपघात नव्हे, ती त्याच्या रचनेतच आहे. कॅमवर घासणारी निरोधक टाच झिजते, त्यामुळे स्पर्शकांमधील अंतर कमी होते आणि ठिणगी हळूहळू उशिरा पडू लागते. हे अंतर सामान्यतः 0.4 मिमी.च्या आसपास असते व ते फीलर गेजने तपासतात. मोजताना टाच कॅमच्या टोकावरच आहे याची खात्री करावी लागते. स्पर्शक काळे पडले असल्यास किंवा एकावर खळगा व दुसऱ्यावर उंचवटा झाला असल्यास ते घासून साफ करण्याची चाल आहे. पण हा तात्पुरता उपाय होय. नवे स्पर्शकही लवकरच तसे झाले, तर दोष बहुधा कंडेन्सरचा असतो.

एंजिन फिरते पण सुरू होत नाही, अशा वेळी शोधाचा क्रम महत्त्वाचा ठरतो. वेटोळ्याकडून टोपणाच्या मध्यभागी येणारी जाड तार काढून निरोधक पकडीने तिचे टोक एंजिनाच्या धातूपासून सुमारे 6 मिमी. अंतरावर धरतात व एंजिन फिरवितात. निळसर, जोमदार ठिणगी पडली तर वेटोळे, स्पर्शक व कंडेन्सर ठीक आहेत आणि दोष रोटर, टोपण, तारा वा प्लग यांत आहे. ठिणगी पिवळट व क्षीण असेल किंवा पडतच नसेल, तर दोष त्याआधीच्या भागात शोधावा. पहिल्या प्रकारात टोपण आतून नीट पाहतात. दोन अग्रांमध्ये पेन्सिलीने ओढल्यासारखी बारीक काळी रेघ दिसल्यास विद्युतेने तेथून वाट काढलेली असते. ती खरवडली तरी पुन्हा उमटते, म्हणून टोपण बदलणे हेच योग्य. केवळ दमटपणा असेल, तर कोरड्या फडक्याने पुसून काम भागते. कोकणात व मुंबईत पावसाळ्यात सकाळी सुरू न होणाऱ्या कित्येक गाड्या एवढ्याने सुरू होत. रोटरचा दोष मात्र डोळ्यांना दिसत नाही. त्याचे निरोधक अंग आतून फुटले की ठिणगी प्लगकडे न जाता दंडात उतरते. टोपण काढून ती जाड तार रोटरच्या पितळी पट्टीजवळ धरावी व स्पर्शक उघडावेत. तेथे ठिणगी उडी मारू लागली, तर रोटर निकामी समजावा.

सर्वांत फसवा दोष तापल्यावरच प्रकट होणारा. घाट चढताना गाडी अडखळत बंद पडते आणि अर्ध्या तासाने जणू काही झालेच नाही अशी सुरू होते. पंपात पेट्रोलची वाफ झाली असे समजून त्यावर ओले फडके टाकण्याची पद्धत आपल्याकडे रूढ होती व अनेकदा ते निदान बरोबरही असे. परंतु तापलेला कंडेन्सर किंवा वेटोळे नेमकी हीच लक्षणे दाखविते. गाडी थांबून थंड झाली, की श्रेय फडक्याला मिळते. निर्णय करण्याची वेळ एकच : एंजिन बंद पडल्याबरोबर, ते गरम असतानाच ठिणगी पाहणे. हे न केल्याने कितीतरी निर्दोष पंप व कार्ब्युरेटर उगाच उघडले गेले आहेत.

दंडाचे बुश झिजले असल्यास दंड डुगडुगतो, प्रत्येक टोकावर अंतर वेगवेगळे पडते आणि कितीही काळजीने जुळवणी केली तरी चाल एकसारखी होत नाही. येथे बुश बदलण्यावाचून गत्यंतर नाही. रोटर हाताने किंचित फिरवून सोडल्यावर तो चटकन मागे आला नाही, तर खालची वजने गंजली आहेत किंवा स्प्रिंगा सैल झाल्या आहेत. निर्वाताचे पटल फाटले असता गाडी चालते, मात्र पेट्रोल अधिक खाते, आणि म्हणूनच हा दोष वर्षानुवर्षे कोणाच्या लक्षात येत नाही. वितरक बाहेर काढण्यापूर्वी रोटरची दिशा व बुडख्याची जागा यांवर खुणा करणे आवश्यक असते. अँबॅसडर व प्रीमिअर पद्मिनी या दोन्ही गाड्यांत प्रज्वलनाचा क्रम 1-3-4-2 असा होता. तारा लावताना तो चुकला, तर एंजिन कार्ब्युरेटरमधून उलटे फटके देते.

अमेरिकेत 1970–80 या दशकात स्पर्शकांची जागा चुंबकीय संवेदकाने व ट्रँझिस्टराने घेतली. पुढील दशकांत प्रत्येक सिलिंडरासाठी किंवा दोन सिलिंडरांच्या जोडीसाठी स्वतंत्र वेटोळे आले व वितरकच अनावश्यक झाला. एका अर्थी ही ‘मॉडेल टी’च्या मांडणीकडे परतलेली वाट म्हणता येईल. फ्रान्सच्या सित्रोएन 2 सीव्ही या 1948 मध्ये प्रकाशात आलेल्या दोन सिलिंडरी गाडीने तर आरंभापासूनच वितरकाला फाटा दिला होता. तीत दोन्ही प्लगांत एकाच वेळी ठिणगी पडे व त्यांतील एक वाया जाई.

मुंबईत वितरकाचे आयुष्य टॅक्सींमुळे लांबले. कुर्ला येथे बनलेल्या पद्मिनी टॅक्सी पुढे नैसर्गिक वायूवर चालू लागल्या. वायूच्या मिश्रणात ठिणगी पाडण्यास अधिक दाब लागत असल्याने पेट्रोलवर खपून जाणारे टोपणातील वा तारांतील दुबळेपण वायूवर लगेच उघडे पडे. शेवटची पद्मिनी टॅक्सी 2003 मध्ये नोंदली गेली व वीस वर्षांची मुदत संपून ऑक्टोबर 2023 अखेर या टॅक्सी रस्त्यावरून गेल्या. जुन्या गाड्या हौसेने बाळगणाऱ्यांसाठी आता मूळ वितरकाच्या आत बसणारे इलेक्ट्रॉनिक खंडक मिळतात. त्यांनी स्पर्शक व कंडेन्सर यांची कटकट संपते. रोटर, टोपण, वजने व बुश मात्र जुनेच राहतात आणि त्यांचे दोषही.