देव होडीत बसला

आमच्या आजीच्या गोष्टींत राजे-राण्या क्वचितच यायच्या. त्यांत काळोखी रात्र असायची, भरतीची नदी असायची आणि होडीत घोंगडीखाली झाकलेला देव असायचा. कोणी कुठे खांदा बदलला, मूल रडू नये म्हणून आईने त्याला कसं छातीशी दाबून धरलं, हे ती अशा थाटात सांगायची की ही बाई स्वतः त्या होडीत होती की काय, असं वाटावं. घटनेला चारशे वर्षं उलटून गेली होती. तिने ते तिच्या आजेसासूकडून ऐकलं होतं, आजेसासूने आणखी कोणाकडून.

आमचं घराणं मूळचं गोव्यातल्या सासष्टीचं, पुढे कारवारला स्थिरावलेलं. पोर्तुगिजांनी १५१० मध्ये तिसवाडी घेतली आणि १५४३ मध्ये सासष्टी-बारदेशही त्यांच्याकडे गेले. तिसवाडीतली देवळं आधीच पाडली गेली होती. सासष्टीवर ती पाळी १५६० नंतरच्या काही वर्षांत आली. १५६० मध्येच गोव्यात इन्क्विझिशनचं धर्मन्यायालय बसलं. त्या धामधुमीत कुठ्ठाळीचा मंगेश प्रियोळला गेला, केळोशीची शांतादुर्गा कवळ्याला आणि वेर्ण्याची म्हाळसा मार्दोळला. जुवारी नदीच्या पलीकडे अंत्रूज महालात, म्हणजे आजच्या फोंडा तालुक्यात, तेव्हा आदिलशाहीचा अंमल होता. तिथली देवळं शाबूत होती. बांदिवड्याच्या नागेशाच्या देवळातला १४१३ चा शिलालेख आजही जागेवर आहे.

वडीलधाऱ्यांच्या तोंडी हा इतिहास वेगळं रूप घेतो. कोणी सांगतं, देवीने स्वप्नात दृष्टांत दिला. कोणी म्हणतं, मूर्ती उचलेना, मग गाऱ्हाणं घातल्यावर फुलासारखी हलकी झाली. कॉलेजात गेल्यावर मला या गोष्टींचा रागच यायचा. एकदा आजीला विचारलं, "देव एवढा समर्थ होता, तर त्याच्यावर पळायची वेळ का आली?"

ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "पळाला कुठे? माणसं निघाली, तसा तोही निघाला. एकटा मागे राहून काय करणार होता?"

तेव्हा मला ती पळवाट वाटली. पुढे त्या काळाबद्दल वाचत गेलो, तसं त्या उत्तराचं वजन कळू लागलं. गावची शेतजमीन गावकरीची, म्हणजे गावकऱ्यांच्या सामाईक मालकीची. गाव सोडणाऱ्याचा त्या जमिनीतला वाटा गेला. जो राहिला त्याने धर्म बदलून शेत राखलं. एका घरातला एक भाऊ होडीत बसला, दुसरा काठावर राहिला. आजीच्या गोष्टीत या दुसऱ्या भावाचा उल्लेख नसायचा. खोदून विचारलं तर एवढंच म्हणायची, "त्याचीही पोरं लहान होती."

सासष्टीतल्याच कुंकळ्ळी गावात हे दोन्ही भाऊ अजून एकत्र दिसतात. १५ जुलै १५८३ रोजी तिथल्या गावकऱ्यांनी उठाव केला आणि पाच जेझुइट मिशनरी मारले. त्यांतला रोदोल्फो आक्वाविवा त्याच वर्षी अकबराच्या दरबारातून गोव्याला परतला होता. पुढे वाटाघाटीच्या नावाखाली गावच्या नायकांना असोळण्याच्या किल्ल्यात बोलावून ठार करण्यात आलं. कुंकळ्ळीची शांतादुर्गा फातर्प्याला गेली ती कायमची. मात्र दरवर्षी फाल्गुनात तिची पालखी जुन्या गावी येते. सोबत बारा घराण्यांच्या बारा छत्र्या असतात आणि वाटेवर गुलाल उधळला जातो. या छत्र्योत्सवात गावचे ख्रिस्तीही सामील होतात. ज्यांचे पूर्वज गेले आणि ज्यांचे राहिले, त्यांची वंशावळ त्या बारा घराण्यांतच मिळते.

आजीवर स्वतः घर सोडायची पाळी आली ती रस्तारुंदीकरणात. तेव्हा आजोबा जाऊन वर्ष झालं नव्हतं. तिने देवासमोर नारळ ठेवून गाऱ्हाणं घातलं आणि त्याच दुपारी वडिलांना जमिनीचे उतारे काढायला पिटाळलं. भरपाईच्या कागदांसाठी ती स्वतः कचेरीच्या बाकावर तासन्‌तास बसायची. कोणी म्हटलं, "आजी, देवावर सोडा आता," तर चिडायची. "देवावर सोडलंय म्हणूनच आलेय. त्याला काय सही करता येते?" नव्या घरात चूल मांडण्याआधी तिने देव्हारा मांडला. दुसऱ्या दिवशी शेजारणीकडून विरजण आणलं आणि तिथली झाली.

तिची श्रद्धा मला तिथे समजली. संकट टळेल, असं देवाने कबूल केलंय, असं तिने कधीच मानलं नाही. तिच्या घराण्याच्या आठवणीत देवाचंच देऊळ पडलं होतं. मग माझं घर का पडलं, असं विचारायला ती धजली नसती. देवाने आपल्याला वाचवावं, हे तिचं मागणं होतंच, पण त्याला खांद्यावर घेऊन नदी पार करणं हे आपलं काम आहे, हेही तिला पक्कं ठाऊक होतं. सगळं हातचं गेलेलं असताना ज्याच्याकडे जपायला काहीतरी उरतं, तो माणूस कोलमडत नाही. होडीतल्या त्या लोकांना देवाने तारलं ते मला तरी असंच तारलेलं दिसतं.

अठराव्या शतकात अंत्रूज महालही पोर्तुगिजांच्या हाती पडला. पण तोवर धर्मांतराचा जोर ओसरला होता आणि तिथली देवळं टिकली. १९६१ मध्ये गोवा मुक्त झाला, मूळ गावी परतायला कोणाची आडकाठी उरली नाही. तरीही मंगेश प्रियोळलाच राहिला, म्हाळसा मार्दोळला आणि शांतादुर्गा कवळ्याला. चारशे वर्षांत भक्तांची मुळं तिथेच रुजली होती, आणि देवाचीही.