टपावरच्या तंबूचं कूळ

२०१८ साली राज्य सरकारनं जुन्नरला पर्यटन तालुका म्हणून जाहीर केलं. त्यानंतर नाणेघाटाच्या पठारावर, माणिकडोह आणि पिंपळगाव जोगे धरणांच्या काठाला, इकडे आंबेगावात डिंभ्याच्या पाण्यालगत मुक्कामाला येणाऱ्या गाड्या वाढल्या. त्यांतल्या काही गाड्यांच्या टपावर हल्ली एक पेटी बसवलेली असते. मुक्कामी पोचलं की पेटी उलगडते, तिचा तंबू होतो, बाजूनं शिडी खाली येते आणि माणसं वर चढून झोपतात. गावातली माणसं कौतुकानं बघतात आणि हे बाहेरून आलेलं खूळ आहे असं समजतात. पेटी बाहेरून आली, यात वाद नाही. पण जमिनीपासून उंच, कापडाच्या आडोशाला झोपायची युक्ती या मुलखाला नवी नाही. तिचं कूळ शोधायला निघालं की कापडापेक्षा कापडाखालच्या खांबांचीच गोष्ट जास्त सापडते. वरचा भार कोण पेलतो, या एका प्रश्नाभोवती हा सगळा इतिहास फिरतो.

या कुळातला सर्वांत ऐटबाज पूर्वज अकबराच्या छावणीत होता. अबुल फजलनं ‘ऐन-ए-अकबरी’त तंबूंचे प्रकार नोंदवले आहेत. त्यांत ‘दुआशियाना मंझिल’ म्हणजे दुमजली तंबू येतो. सहा गज उंचीचे अठरा खांब, त्यांवर फळ्यांची जमीन, त्या जमिनीत चार-चार हातांचे खांब खिळ्या-बोल्टांनी पक्के केलेले आणि त्यांवर वरचा मजला. स्वारीत असताना बादशहा तिथं झोपायचा आणि तिथूनच सूर्याची उपासना करायचा. हे बिऱ्हाड हलवणं सोपं नव्हतं. एका तळाचं सामान न्यायला १०० हत्ती, ५०० उंट आणि ४०० गाड्या लागत आणि ते उभारायला हजार फर्राश. उंचावर झोपायचं तर खांब आपणच वाहून न्यायचे, असा तो हिशेब होता.

त्याच यादीत रावटी आहे. ती आपल्याकडे राहुटी म्हणून अजून नांदते. नारायणगावात पाडव्याच्या सुमाराला तमाशा फडांच्या राहुट्या लागतात, गावोगावच्या यात्रा कमिट्यांचे लोक येऊन बसतात, तारखा ठरतात, सुपारी दिली जाते. विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर यांचं हे गाव. कापडाचं घर आज इथं, उद्या तिथं उभं करण्यात या गावाइतकी मुरलेली गावं महाराष्ट्रात थोडीच असतील.

उंचीची युक्ती मात्र दरबारातून आलेली नाही, ती शेतातून आली. राखणीचा माळा ज्यानं बांधताना पाहिला आहे त्याला टपावरच्या तंबूचं शास्त्र वेगळं शिकवावं लागत नाही. चार मेढी घ्यायच्या, म्हणजे वरच्या टोकाला बेचकं असलेले डांब. ते हात-दीड हात जमिनीत गाडायचे, भोवती दगड ठोकून बसवायचे. बेचक्यांत दोन आडव्या टाकायच्या. भार बेचक्यात बसतो. दोर फक्त आडवी हलू नये म्हणून. नवखा माणूस नेमकी इथंच चूक करतो. तो आडवी डांबाच्या अंगाला बांधतो आणि सगळं वजन दोरावर टाकतो. आडव्यांवर बांबू, त्यांवर कारवीच्या काड्या नाहीतर तुरकाट्या, वर पेंढा आणि घोंगडी. पश्चिमेकडच्या भातखाचरांत रानडुकरांसाठी, पूर्वेकडच्या ज्वारीत पाखरांसाठी माणूस असा माळ्यावर जायचा. ज्वारीच्या माळ्यावर गोफण हाताशी असायची. वर वारा लागतो, चिखल लागत नाही, साप-विंचवाची धास्ती कमी होते आणि सगळं रान नजरेत राहतं. टपावरच्या तंबूची जाहिरात करणारे आज हेच चार फायदे सांगतात.

बिबट्याच्या बाबतीत मात्र उंचीवर विसंबू नये, हे जुन्नर-आंबेगावात मोकळेपणानं सांगायला हवं. कुकडी प्रकल्पाचं पाणी आलं, ऊस वाढला आणि उसात बिबट्याच्या पिढ्या वाढल्या. जखमी आणि पकडलेल्या बिबट्यांसाठी माणिकडोहला निवारा केंद्रच उभं राहिलं. जो प्राणी शिकार तोंडात धरून झाडावर चढतो त्याला सहा फुटी टप म्हणजे काहीच नाही. त्याला बिचकवतं ते बंद आवरण, उजेड आणि माणसाची चाहूल. वाकलेला, बसलेला, उघड्यावर आडवा झालेला माणूस त्याला सावज वाटू शकतो. म्हणूनच वनविभागानं या भागातल्या मेंढपाळांना तंबू आणि सौरदिवे दिले. मेंढरं वाघुरीत, घोड्याच्या पाठीवरचं बिऱ्हाड शेजारी उतरवलेलं आणि माणूस मात्र आभाळाखाली, अशी त्यांची रात्र असते. त्यांना दिलेला साधा, जमिनीवरचा तंबू ही मला या सगळ्या कुळातली सर्वांत गरजेची वस्तू वाटते.

तिसरी शाखा टपाची. १ जून १९४८ ला पुणे-नगर रस्त्यावर पहिली एसटी धावली आणि पुढं कित्येक वर्षं एसटीच्या मागं शिडी आणि टपावर कॅरियर असायचं. भाजीच्या पाट्या, पोती, वळकट्या, सायकली, सगळं वर. नंतर वडापच्या जीप आणि ट्रॅक्स आल्या आणि सामानाच्या जागी माणसंही टपावर बसू लागली. फडाच्या ट्रकवर तर कनाती आणि खांबांच्या थप्पीवरच कलावंत रात्रीची झोप काढत पुढच्या गावाला जायचे. आषाढीच्या वाटेवर दिंडीच्या ट्रकवर पालं लादलेली असतात, तीही याच घरातली. गाडीनं तंबू वाहायचा आणि मुक्कामी तो खाली उतरवायचा, इथपर्यंत आपण आलो होतो. तंबू खाली न उतरवता वरच उलगडायचा, ही पुढची पायरी युरोपात पडली.

इटलीत १९५८ च्या सुमाराला ‘एअर कॅम्पिंग’ नावाचा टपावरचा तंबू विक्रीला आला. युद्धानंतर लहान मोटारी सामान्य कुटुंबांच्या आवाक्यात येत होत्या आणि सुट्टीला बाहेर पडणाऱ्यांना हॉटेल परवडत नव्हतं. पूर्व जर्मनीतली गोष्ट मला जास्त भावते. सॅक्सनीतल्या लिम्बाख-ओबरफ्रोना गावच्या गेरहार्ड म्युलर यांनी १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात चक्क ट्राबांट गाडीसाठी असा तंबू तयार केला. ट्राबांटचं बाह्यांग कापसाच्या टाकाऊ तंतूंत राळ मिसळून दाबलेल्या पत्र्यांचं. एवढ्या हलक्या गाडीच्या डोक्यावर माणसं झोपली आणि गाडी टिकली, कारण भार त्या पत्र्यावर टाकलाच नव्हता. तो आडव्या दांड्यांनी कडांकडे आणि कडांवरून पोलादी सांगाड्याकडे नेला होता. बेचकं आणि आडवी, तेच गणित.

त्या काळच्या बहुतेक गाड्यांना छताच्या कडेनं पत्र्याची पन्हळ असायची. आपल्या अँबेसेडरला, पद्मिनीला, जीपलाही होती. पावसाचं पाणी दारावर येऊ नये म्हणून केलेली ही पन्हळ कॅरियरवाल्यांना आयतीच मिळाली. तिच्यात आकडा अडकवायचा, स्क्रू आवळायचा, झालं. स्वीडनच्या थुले कंपनीची सुरुवात १९४२ साली मासे पकडायच्या सापळ्यापासून झाली, पण तिचं नाव झालं ते साठच्या दशकात सुरू केलेल्या अशाच कॅरियरमुळं. पुढं जोडकामाच्या पद्धती बदलल्या, वाऱ्याचा अडथळा आणि आवाज कमी करायचा होता, म्हणून ऐंशीच्या दशकापासून पन्हळ नाहीशी होत गेली. आकडा अडकवायला जागा उरली नाही. मग कारखान्यानंच छताला दोन लांब रूफ रेल जोडून द्यायला सुरुवात केली. आज एसयूव्हीच्या टपावर दिसणारं रॅक म्हणजे त्या हरवलेल्या पन्हळीची भरपाई आहे.

पण प्रत्येक रेल भार घेणारी नसते. काही गाड्यांवरच्या रेल शोभेच्या असतात, प्लास्टिकच्या आणि नुसत्या चिकटवलेल्या. आधी गाडीची पुस्तिका उघडून टपाला किती वजन मंजूर आहे ते बघायचं. समजा आकडा ७५ किलो आहे. तंबू ६० किलोचा, आडव्या दांड्या ८ किलोच्या, म्हणजे बसलं. मग प्रश्न येतो, त्यावर दोन माणसं चढली की २०० किलो होतात, ते कसे चालतील? पुस्तिकेतला आकडा चालत्या गाडीचा असतो. माळशेजच्या वळणावर ब्रेक दाबला, खड्ड्यात चाक आदळलं की ते ६० किलो सरळ खाली दाबत नाहीत, ते पुढं ओढतात, बाजूला लोटतात, उचलून आपटतात. उभ्या गाडीत भार फक्त खाली जातो आणि छताचे खांब तो कितीतरी जास्त पेलतात.

बसवताना दोन आडव्या दांड्यांमधलं अंतर तंबूच्या कंपनीनं सांगितल्यापेक्षा कमी ठेवायचं नाही. साधारण हात-दोन हातांच्या मधलं ते माप असतं. दांडीचे पाय रेल जिथं छताला बोल्टनं जखडलेली असते त्या ठिकाणांच्या जवळ घ्यायचे, दोन बोल्टांच्या मधोमध नाही, नाहीतर रेल तिथं लवते. तंबूच्या बुडाला लांब खाचा असतात. त्यांत बोल्टांची डोकी सरकवून खालून पट्टी आणि नटनं दांडीला आवळायचं. नट हातानं सारखे बसवून मग पान्यानं तिरपे समोरासमोर आवळायचे आणि पहिल्या काही किलोमीटरनंतर थांबून पुन्हा बघायचे. ते हमखास थोडे सैल झालेले असतात.

मुक्कामाला जागाही बघून घ्यायची. नाणेघाटाच्या कड्यावर पावसाळ्यात वारा धबधबा उलटा वर फेकतो. तो वारा जमिनीवरच्या तंबूला लागतो त्याहून उंचावरच्या तंबूला जास्त लागतो. गाडीचं तोंड वाऱ्याकडे, कड्यापासून मागं, चाकांना दगड.

कायदाही इथं येतो. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की नोंदणीत लिहिलेला मूळ नमुना गाडीमालकानं बदलू नये आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ते ठासून सांगितलं. त्यामुळे छताला नवी भोकं पाडून केलेल्या कॅरियरपेक्षा कारखान्यातून आलेल्या रॅकचं मोल वाढतं.

आणि कारखाना काही लांब नाही. महिंद्राच्या गाड्या नाशिकला बनतात आणि २०१० पासून चाकणलाही. या दोन टोकांना जोडणाऱ्या महामार्गावर मंचर, नारायणगाव, आळेफाटा लागतात. गाड्या बनवणाऱ्या कुठल्याच कंपनीनं यापुढं पुस्तिकेत एकच आकडा छापून थांबू नये. चालत्या गाडीचा आकडा असतोच, त्याच्याखाली उभ्या गाडीचाही छापावा. रेलचे बोल्ट नेमके कुठं आहेत ते चित्रात दाखवावं आणि रेल शोभेची असेल तर तसं मराठीत, ठळक अक्षरांत लिहावं.