पैसे कट झाले, पण मशीन म्हणतंय ‘फेल’! स्वाइप मशीनचा थोडा इतिहास आणि आपल्या हक्काचे शंभर रुपये

पुणे-सोलापूर हायवेवर भिगवणला मासे खायला थांबलेलं एखादं कुटुंब डोळ्यासमोर आणा. चिलापी झाली, रस्सा झाला, बिल आलं बाराशे. कार्ड लावलं, पिन टाकला, मशीन जरा वेळ फिरत राहिलं आणि स्लिप आली: ‘डिक्लाइन्ड’. तेवढ्यात खिशातला मोबाईल वाजला. खात्यातून बाराशे वजा!

गिऱ्हाईक म्हणतं, माझे पैसे गेले. मालक म्हणतो, माझ्याकडे आले नाहीत. आणि दोघंही खरंच बोलत असतात. बारामतीच्या भिगवण रोडपासून इंदापूरच्या एसटी स्टँडपर्यंत, जिथे जिथे गल्ल्यावर मशीन आहे तिथे हा वाद कधी ना कधी झालेला आहे. तो का होतो आणि त्यात कुणाचं चुकतं, हे समजायला थोडं मागे जावं लागेल.

मुळात कार्डाचा जन्मच हॉटेलच्या बिलातून झाला. १९५० साली न्यूयॉर्कमध्ये डायनर्स क्लब निघाला, तो हॉटेलात जेवून बिल नंतर भागवण्यासाठी. आपल्याकडे १९८० मध्ये सेंट्रल बँकेने क्रेडिट कार्ड आणलं. तेव्हा मशीन म्हणजे लोखंडी पट्टा. त्यात कार्ड ठेवायचं, वर कार्बनची पावती, आणि खट्‌ करून दांडा सरकवायचा. कार्डावरचे उठावाचे आकडे कागदावर उमटायचे. रक्कम मोठी असेल तर बँकेला फोन. रेंजचा प्रश्नच नव्हता, त्यामुळे मशीन ‘फेल’ होत नव्हतं. पण कार्ड चोरीचं निघालं तर ते कळायचं फार उशिरा.

मग इलेक्ट्रॉनिक मशीन आलं. आधी टेलिफोनच्या वायरवर, नंतर सिमकार्डवर. इथून गोष्ट बदलली. आता तुमचा निरोप मशीनमधून हॉटेलवाल्याच्या बँकेकडे जातो, तिथून रूपे, व्हिसा किंवा मास्टरकार्डच्या जाळ्यात, तिथून तुमच्या बँकेत. तुमची बँक खातं बघते, पैसे वजा करते आणि ‘हो’ म्हणते. तो ‘हो’ त्याच वाटेने उलटा परत यायचा असतो. सगळं काही सेकंदांत.

जाताना निरोप अडकला, तर काहीच कट होत नाही. पण येताना अडकला तर? बँकेने पैसे वजा केलेत, मशीनला ते कळलेलंच नाही. ठरलेला वेळ संपला की मशीन ‘फेल’ म्हणतं आणि रेंज आली की मागे ‘रद्द करा’ असा निरोप पाठवतं. तोही अडकला, तर दोन्ही बँकांचे हिशेब जुळेपर्यंत पैसे मधेच लटकतात. म्हणजे पैसे हॉटेलवाल्याने ‘खाल्ले’ हा आरोप बहुतेक वेळा चुकीचा असतो.

२०१३ च्या डिसेंबरपासून दुकानातल्या डेबिट कार्डाला पिन सक्तीचा झाला. तोपर्यंत वेटर कार्ड आत घेऊन जायचा आणि सहीसाठी स्लिप आणायचा. पिन आल्यावर मशीन टेबलावर यायला हवं होतं. कित्येक ठिकाणी लोक वेटरलाच मोठ्याने पिन सांगू लागले! ही सवय अजून पूर्ण गेलेली नाही.

मग ८ नोव्हेंबर २०१६. नोटाबंदी. तेव्हा अख्ख्या देशात स्वाइप मशीन होती सुमारे १५ लाख. पुढच्या काही महिन्यांत ती झपाट्याने वाढली आणि छोट्या हॉटेलांच्या गल्ल्यावरही येऊन बसली. मशीन आलं, पण ते बिघडलं तर काय करायचं, हे सांगायला कोण आलं?

२०१८ चा ऑगस्ट पुणे जिल्हा विसरणार नाही. ११ आणि १३ ऑगस्टला कॉसमॉस बँकेवर सायबर हल्ला झाला आणि ९४ कोटींहून जास्त रक्कम गेली. चोरांनी बँकेच्या खऱ्या यंत्रणेला बगल देऊन खोटी यंत्रणा उभी केली आणि तीच परस्पर ‘हो, पैसे द्या’ म्हणत राहिली. खबरदारी म्हणून बँकेला एटीएम आणि ऑनलाइन सेवा काही दिवस बंद ठेवाव्या लागल्या. मशीनचा नकार दरवेळी बिघाड नसतो, कधी तो राखणदाराचा असतो, हे तेव्हा कळलं.

आता मुद्द्याचं. २० सप्टेंबर २०१९ ला रिझर्व्ह बँकेने एक परिपत्रक काढलं. पैसे कट झाले पण दुकानात पावती मिळाली नाही, तर व्यवहाराचा दिवस सोडून ५ दिवसांत बँकेने ते आपणहून परत करायचे. त्यापुढे उशीर झाला तर दर दिवसाला १०० रुपये भरपाई. तीसुद्धा गिऱ्हाइकाने अर्ज करायची वाट न बघता! कार्डाला लागू, आणि दुकानात यूपीआयने दिलेल्या पैशालाही लागू. हा नियम आपल्यापैकी किती जणांना माहीत आहे?

यूपीआय आल्यावर दुखणं संपलं असं वाटलं होतं. पण १२ एप्रिल २०२५ ला, शनिवारी, देशभर यूपीआय अडखळलं. कारण काय निघालं? काही बँकांच्या यंत्रणा ‘तो व्यवहार झाला का, झाला का’ असं इतक्या वेळा विचारत राहिल्या की त्या विचारण्यानेच रस्ता जाम झाला. आपल्याकडे तुकोबांची पालखी मुक्कामाला आली की टॉवरवर जसा भार येतो, तसंच समजा.

म्हणून एवढं लक्षात ठेवा:

👉 फेल झालं की लगेच दुसऱ्यांदा स्वाइप करू नका. स्लिप घ्या. बऱ्याचदा तिच्यावर दोन आकडी कोड असतो. ५१ म्हणजे खात्यात पैसे कमी, ५५ म्हणजे पिन चुकला, ९१ म्हणजे बँकेची यंत्रणाच बंद. ९१ असेल तर मशीन दहादा हलवून उपयोग नाही.

👉 हॉटेलवाल्यांनो, गिऱ्हाइकाचा मेसेज हा पुरावा नव्हे. मशीनची स्लिप किंवा स्वतःच्या ॲपमधली नोंद बघा. फेल झालेली स्लिपसुद्धा जपून ठेवा. आणि रात्री गल्ला मोजताना मशीनमध्ये सेटलमेंट करावं लागत असेल, तर ते विसरू नका.

👉 तक्रार कार्ड ज्या बँकेचं, तिथे करा. तोंडी नको, तक्रार क्रमांक घ्या. ३० दिवसांत समाधान झालं नाही तर रिझर्व्ह बँकेचा लोकपाल आहे. माहितीसाठी फोन १४४४८.

बँकांनाही एक विनंती आहे. मशीन बसवायला माणूस येतो, तसा हा नियम मराठीत छापून गल्ल्याशेजारी लावायलाही यावा. एक कागद लागतो फक्त. गल्ल्यावर भांडण होतं ते गिऱ्हाईक आणि मालकाचं, आणि ज्यांच्या जाळ्यात पैसे अडकलेत ते तिथे नसतातच. म्हणून नियम दोघांनाही माहीत हवा.

तुमच्या तालुक्यातल्या हॉटेलवाल्या मित्राला ही पोस्ट नक्की पाठवा. आणि १०० रुपयांची भरपाई खरंच कुणाला मिळाली असेल, तर कमेंटमध्ये जरूर सांगा. 🙏